निवृत्तीचे पैसे आणि कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंड : माझा सहा वर्षांचा अनुभव

वन्सं येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. मिरजेतल्या एका खाजगी हॉस्पिटलात अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून काढली त्यांनी. गेल्या रविवारी जेवणं उरकल्यावर पिशवीतून घडी घातलेलं एक चकचकीत पत्रक काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. "वहिनी, हे जरा बघा. बँकेतला मुलगा म्हणतोय सगळे पैसे ह्यात टाका. एफडीसारखंच आहे, वर दर महिन्याला पैसे हातात."

हेच वाक्य मी २०१४ मध्ये ऐकलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. म्हणून वन्संना जे तोंडी सांगितलं ते आता सविस्तर लिहून काढते. पत्रक होतं कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडाचं. म्हणजे थोडे शेअर्स आणि बरेचसे रोखे (सरकारला किंवा कंपन्यांना दिलेलं कर्ज) असलेला म्युच्युअल फंड. त्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या घरखर्चाला त्याचा मोठा हातभार आहे. पण तो एफडीसारखा नाही, आणि तो घेताना लोक त्यातल्या शेअर्सची काळजी करत बसतात. मला फटका बसला तो दुसऱ्याच बाजूनं.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण तिच्यावरच सगळं अवलंबून आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी ३१ वर्षं हिशेब विभागात होते. सप्टेंबर २०१९ मध्ये, ५८ पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेसव्वीस लाख आले. पेन्शन म्हणाल तर ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेचे, महिना तीन हजारसुद्धा नाहीत. ह्यांचा छापखाना त्याआधीच बंद केला होता, त्यामुळं त्यांना पेन्शनचा प्रश्नच नाही. मुलगा पुण्यात आहे, चांगला आहे, पण महिन्याच्या किराण्यासाठी त्याला फोन करायचा नाही हे आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

आणि एक गोष्ट मनात पक्की बसलेली. माझ्या वडिलांनी शेत विकून आलेले पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळतात म्हणून. संस्था बुडाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो असं आपण ऐकतो, तो बँकेतल्या ठेवीला. पतसंस्थेच्या ठेवीला तो लागू नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची चार वर्षं ते दर सोमवारी त्या बंद दारापर्यंत चालत जाऊन यायचे. त्यामुळं जास्त व्याज म्हटलं की मी आधी विचारते, हे पैसे नेमके कुणाकडं जाणार?

२०१४ मध्ये मात्र मी ते विचारलं नाही. आमच्या बँकेच्या शाखेत एका तरुणानं "काकू, काकू" करत मला बसवून घेतलं आणि तीन लाखांचा एमआयपी गळ्यात घातला. एमआयपी म्हणजे मंथली इन्कम प्लॅन. नावातच महिन्याचं उत्पन्न. मला वाटलं, ठरलेली रक्कम येणार. दीड-दोन वर्षं दर महिन्याला थोडाफार लाभांश आला, मग एका महिन्यात आलाच नाही. विचारायला गेले तर तो मुलगा बदलून दुसऱ्या गावी गेलेला. नव्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, लाभांशाची हमी नसते, शिल्लक असेल तर देतात." कागदावर ते छापलेलंही होतं, अगदी बारीक अक्षरात.

सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनं, ऑक्टोबर २०१७ मध्ये सगळ्या फंडांची वर्गवारी केली आणि २०१८ मध्ये ही मंथली इन्कमची नावं गेली, हे फार चांगलं झालं. एसबीआयचा मॅग्नम मंथली इन्कम प्लॅन डेट हायब्रिड झाला, एचडीएफसीचा एमआयपी लाँग टर्म हायब्रिड डेट झाला. आता ह्या वर्गाला कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड म्हणतात आणि नियम स्पष्ट आहे : शेअर्समध्ये १० ते २५ टक्के, बाकीचे ७५ ते ९० टक्के रोख्यांमध्ये. ॲग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये हेच प्रमाण उलटं, शेअर्स ६५ ते ८० टक्के. दोन्ही हायब्रिडच, पण एक आपल्या वयाचा आणि दुसरा मुलाच्या. लाभांशाचंही नाव एप्रिल २०२१ पासून बदललं. इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल. म्हणजे तुमच्याच भांडवलातून काढून तुम्हालाच दिलं जाऊ शकतं, हे आता नावातच लिहावं लागतं.

माझा खरा धडा जून २०१९ चा. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. सवयीनं सकाळी एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची त्या दिवसाची किंमत, बघितली तर एका दिवसात चार टक्क्यांच्या वर खाली. माझ्या रकमेवर १३,४०० रुपये एका रात्रीत कमी. बाजार त्या दिवशी पडला नव्हता, मी दोनदा तपासलं. मग हिशेबाच्या सवयीनं फंडाच्या वेबसाइटवरून गुंतवणुकीची यादी काढली, ऑफिसच्या प्रिंटरवर छापली आणि पट्टी लावून ओळ न् ओळ वाचली. शेअर्स सगळे नावाजलेले. आणि खाली रोख्यांच्या भागात एका गृहवित्त कंपनीचा कागद. तिनं व्याज थकवलं होतं, म्हणून त्या कागदाची किंमत एका दिवसात मोठी छाटली गेली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, आयएलअँडएफएस ह्या मोठ्या वित्त कंपनीनं कर्ज थकवल्याचं प्रकरण झालं होतं. तिचे रोखे अडचणीत येईपर्यंत सर्वोच्च दर्जाचे मानले जात. एवढं होऊनही मी माझी यादी उघडून बघितली नव्हती.

ऑगस्टमध्ये मी ते पैसे काढून घेतले. तेव्हाच कृष्णेचा पूर आला. गावभागातल्या माहेरच्या घरात पाणी शिरलं, दादाच्या कपाटातल्या एफडीच्या पावत्यांचा लगदा झाला. त्या एकेक वाळत घालताना मला वाटलं, कागद वाळवता येतो. न फेडणाऱ्या माणसाला दिलेलं कर्ज काही वाळवता येत नाही.

निवृत्तीनंतर मी वाटणी केली ती अशी. १५ लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. तेव्हा तीच कमाल मर्यादा होती, एप्रिल २०२३ पासून ती ३० लाख आहे. ६० पूर्ण नसतानाही निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ठरावीक मुदतीत भरले तर ५५ नंतर हे खातं उघडता येतं. तेव्हा ती मुदत एकच महिन्याची होती आणि मी पंचविसाव्या दिवशी पोस्टात पोचले. दर ८.६ टक्के, तिमाहीला ३२,२५० रुपये. गेल्या वर्षी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तीन वर्षांची मुदतवाढ घेतली, आता ८.२ टक्क्यांनी ३०,७५० येतात. साडेतीन लाख दवाखान्यासाठी एफडीत. उरलेले आठ लाख दोन कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड फंडांत, निम्मे निम्मे.

पोस्ट असताना फंड कशाला, असं ह्यांनी विचारलं होतं. पोस्टाचा आकडा वाढत नाही, म्हणून. २०१९ मध्ये सिलिंडरला काय पडत होते आणि आज काय पडतात ते बघा. आज ६४ ची आहे, आई ८९ पर्यंत जगली. पंचवीस वर्षं तोच आकडा पुरायचा नाही.

माझ्या दोन फंडांची नावं देत नाही, कारण नाव वाचून कुणी तेच घेईल आणि यादी वाचायची ती राहूनच जाईल. निवडले कसे ते सांगते.

रविवारचा अख्खा दिवस मी सात फंडांच्या याद्या घेऊन बसले होते. प्रत्येक फंडाला महिना संपल्यावर दहा दिवसांत आपली पूर्ण यादी जाहीर करावी लागते, ती फुकट मिळते. स्टार किती, तीन वर्षांचा परतावा किती, हे मी सगळ्यात शेवटी बघितलं. आधी रोख्यांचा भाग. शेजारच्या रकान्यात दर्जा, म्हणजे कर्ज परत मिळण्याची खात्री किती, ते लिहिलेलं असतं. सोव्हरिन म्हणजे सरकारी, मग एएए, मग एए, मग ए. मी हिरव्या पेननं सोव्हरिन आणि एएए ची बेरीज केली, लालनं बाकीच्यांची. सातपैकी तीन फंडांत लाल बेरीज तीस टक्क्यांच्या वर गेली, आणि परताव्याच्या तक्त्यात नेमके तेच वर होते. म्हणजे जास्तीचा परतावा हा कमी दर्जाच्या लोकांना कर्ज देऊन आलेला. बाबांच्या पतसंस्थेचे दोन टक्के मला तिथं दिसले. ते तीन फंड मी बाजूला ठेवले.

रोखे सगळ्यांचे सारखे नसतात, हे लक्षात ठेवायला हवं. पराग पारिखचा कन्झर्व्हेटिव्ह हायब्रिड २०२१ मध्ये आला, म्हणजे माझ्या निवडीनंतर. त्याची यादी काढून बघा. राज्य सरकारांच्या रोख्यांचा भाग मोठा आणि जोडीला रीट, म्हणजे ऑफिसांच्या इमारतींच्या भाड्यातून मिळकत देणारी युनिटं. दुसऱ्या एखाद्या फंडात बँका आणि वित्त कंपन्यांचे कागद भरलेले दिसतील. वर्ग एकच, नावही एकच, आणि आत दोन वेगळे संसार.

दर्जानंतर मी मॉडिफाइड ड्युरेशन बघते. शब्द अवघड, हिशेब सोपा. तो आकडा सहा असेल तर बाजारातले व्याजदर एक टक्क्यानं वाढले की त्या रोख्यांची किंमत साधारण सहा टक्क्यांनी उतरते. दर उतरले की तेवढीच चढते. मी एक फंड अडीचचा घेतला आणि दुसरा पाचच्या आसपासचा. मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, ४ वरून वाढवत फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर नेला, तेव्हा हा दुसरा फंड कितीतरी महिने जागचा हलला नाही. सरकारी रोखे असूनही. सरकारी म्हणजे बुडणार नाही हे खरं, पण खाली-वर होणार नाही असं नाही. २०२५ मध्ये दर उतरायला लागले तसा त्यानं ते भरून दिलं.

शेअर्सचा भाग, ज्याची वन्संना सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याबद्दल माझा अनुभव असा. नोव्हेंबर २०१९ मध्ये पैसे घातले आणि चार महिन्यांत करोना. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, जानेवारीत तो ४२ हजारांना शिवून आला होता. माझ्या आठ लाखांचे त्या रात्री ७ लाख ३८ हजार दिसत होते. बासष्ट हजार गेले. मी ह्यांना दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पोस्टाचे येतायत ना? मग हे उघडून बघू नकोस." ऑगस्टपर्यंत रक्कम परत आठ लाखांवर आली. शेअर्सनं नेलेले बासष्ट हजार पाच महिन्यांत परत आले, आणि त्या थकलेल्या कागदानं नेलेले १३,४०० मला पुन्हा कधी दिसले नाहीत. माझी निवड ह्या दोन आकड्यांवर उभी आहे.

आमच्या ओळखीतल्या एकांनी निवृत्तीची सगळी रक्कम ॲग्रेसिव्ह हायब्रिडमध्ये घातली होती. त्यांनी मार्चअखेर घाबरून सगळं विकलं. फंडाचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडं दुसरीकडून महिन्याचे पैसे येत नव्हते, म्हणून थांबायला त्यांना वावच नव्हता. पोस्टाचे ३२ हजार येत नसते तर मीही विकलं असतं, हे मान्य करते.

आता महिन्याच्या पैशांबद्दल. लाभांशाचा पर्याय घेऊ नका. तो आला तर पूर्ण रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते, आणि कधी किती येईल ते फंड ठरवतो. ग्रोथ पर्याय घ्यायचा, ज्यात नफा फंडातच राहतो, आणि एसडब्ल्यूपी लावायची. म्हणजे तुम्ही सांगाल त्या तारखेला, तुम्ही सांगाल तेवढ्या रकमेची युनिटं विकून पैसे खात्यात. वन्संना मी वहीवर मांडून दाखवलं. समजा १० लाख घातले, एनएव्ही ५० होती, तर २०,००० युनिटं मिळाली. वर्षानं एनएव्ही ५४ झाली. ५,४०० रुपये काढायचे तर १०० युनिटं विकली जातात. त्यांची खरेदी ५,००० ची, म्हणून नफा फक्त ४००. कर लागलाच तर त्या ४०० वर. तेच १० लाख सात टक्क्यांच्या एफडीत असते तर महिन्याचे ५,८३३ सगळेच्या सगळे व्याज म्हणून धरले गेले असते. पुढच्या वर्षांत ह्या ४०० चा वाटा वाढत जातो, हेही सांगायला हवं. पण सुरुवातीच्या वर्षांत फरक मोठा पडतो.

माझा पहिला हप्ता एप्रिल २०२१ चा, चार हजारांचा. तोवर थांबले, कारण पहिल्या वर्षात काढलं तर बऱ्याच योजनांत एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्क, लागतो, आणि पडलेल्या बाजारात युनिटं विकायची नव्हती. तोपर्यंत आठाचे नऊ लाखांच्या आसपास झाले होते. यंदाच्या ऑक्टोबरपर्यंत ५५ हप्ते झाले, २ लाख २० हजार घरात आले, आणि आजची शिल्लक १० लाख २० हजारांच्या आसपास आहे. दर महिन्याच्या ७ तारखेला मोबाइल वाजतो, मी कॅलेंडरवर त्या चौकोनात टिक करते.

एकदा टिक झाली नाही. जुलै २०२१. आमच्या बँकेचं विलीनीकरण झालं होतं, आयएफएससी बदलला आणि जुना चालेनासा झाला. मी बँकेच्या पासबुकात नवीन कोड घेतला होता, पण फंडाला कळवायचं माझ्या ध्यानात आलं नाही. मग रद्द केलेला चेक, अर्ज, सही जुळत नाही म्हणून पुन्हा सही, असे सोळा दिवस गेले. मदत क्रमांकावरची मुलगी सभ्य होती, पण प्रत्येक वेळी वेगळी मुलगी आणि पहिल्यापासून सगळी कहाणी. साठी उलटलेल्या माणसाला सगळ्यात दमवते ती ही बाजू. खातं दोघांच्या नावावर, "एनीवन ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणीही किंवा मागं राहिलेला) पद्धतीनं, आणि नॉमिनी नोंदलेला, एवढं सुरुवातीलाच करून घ्या.

कराचा नियम मधेच बदलला, तो नव्यांनी नीट समजून घ्यावा. १ एप्रिल २०२३ नंतर घातलेल्या पैशांवर, असे फंड कितीही वर्षं ठेवले तरी, नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणं कर लागतो. माझी युनिटं त्याआधीची, म्हणून मला दीर्घ मुदतीचा १२.५ टक्के. हे ऐकून वन्संचा चेहरा पडला. पण त्यांचं सगळं उत्पन्न धरून वर्षाला पाच लाख होणार नाहीत, आणि नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत स्लॅबच्या उत्पन्नावर सवलतीमुळं कर शून्य होतो. मोठी पेन्शन किंवा भाडं असणाऱ्यांना मात्र हा नियम जड जातो. त्यांनी आपल्या सीएला विचारूनच पुढं जावं.

खर्चाचंही बघा. बँकेतून घेतलं की रेग्युलर प्लॅन मिळतो, त्यात विकणाऱ्याचं कमिशन धरलेलं असतं. फंडाकडून थेट घेतलं की डायरेक्ट, त्यात ते नसतं. जानेवारी २०१३ पासून ही सोय आहे, २०१४ मध्ये मला ती कुणी सांगितली नाही. माझ्या फंडांत दोन्हींच्या खर्चात पाऊण टक्क्याचा फरक आहे. आठ लाखांवर वर्षाला सहा हजार, म्हणजे माझे दीड हप्ते. शेअर्सच्या फंडात तेवढा फरक पचून जातो. जिथं आठ-नऊ टक्क्यांचीच अपेक्षा आहे तिथं तो डोळ्यांत भरतो. पण ज्यांना मोबाइलवर काही करता येत नाही आणि शेजारी विश्वासाचा वितरक आहे, त्यांनी रेग्युलर घेतला तरी मी चूक म्हणणार नाही. अर्ज भरायला घरी येणाऱ्या माणसाचीही किंमत असते.

नावात कन्झर्व्हेटिव्ह असूनही माझ्या दोन्ही फंडांच्या रिस्कोमीटरचा, म्हणजे जोखीम दाखवणाऱ्या चित्राचा, काटा "मॉडरेटली हाय"वर आहे. सहा पायऱ्यांपैकी चौथी. बँकेतल्या मुलानं वन्संना दिलेल्या पत्रकावर तो काटा आहे, अगदी खालच्या कोपऱ्यात.

ते पत्रक मी उलटं करून त्याच्या कोऱ्या बाजूवर वन्संची वाटणी लिहिली. हातात येणार साधारण चौदा लाख. नऊ पोस्टात, दोन एफडीत, तीन फंडात, तेही एकदम न टाकता सहा महिन्यांत. मग त्या बँकेतल्या मुलानं सुचवलेल्या फंडाची यादी छापून आणली आणि हिरवं-लाल पेन त्यांच्या हातात दिलं. चष्मा पुसून त्या बसल्या. औषधांच्या चिठ्ठ्या वाचायची सवय असलेली बाई, एक ओळ सुटली नाही. तिसऱ्या पानावर थांबल्या, एका ओळीखाली लाल रेघ मारली आणि म्हणाल्या, "वहिनी, ही कंपनी कोण? हिला आपण का पैसे द्यायचे?"